परातीतला माझा भाग

आई गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सेनंतर मी वसईहून मस्कतला कॉलेजात परतले आणि चहा-पावावर राहू लागले. भूक लागायची, पण घास घशाखाली उतरत नसे. दोन आठवडे हे बघून वर्गातली ओमानी मैत्रीण म्हणाली, "यल्ला, चल, शुक्रवारी इब्राला, आमच्या घरी. माझ्या आईचा हुकूम आहे."

तिथे बायकांची पंगत वेगळ्या खोलीत, जमिनीवर. मध्ये एकच परात, तिच्यात भाताचा डोंगर आणि वर मटण. सहाजणींनी आपापल्या बाजूने खायचं. माझं ताट कुठे संपतं तेच मला कळेना.

ताटात टाकायचं नाही, हा आईचा नियम. जेवण झालं की ताट तिरकं धरून तिला दाखवावं लागे. ती असताना मी कारल्याच्या फोडी बिनदिक्कत कुत्र्याला घातल्या होत्या. आता मात्र नियम मोडायची छाती होईना. मी मनातल्या मनात परातीचे सहा भाग पाडले आणि माझा त्रिकोण साफ करायला घेतला.

त्रिकोण साफ होत आला की वरचा भात घसरून खाली येई. तो संपवला की मैत्रिणीची आई माझ्यापुढे मटणाचा आणखी एक तुकडा सरकवी. बाकीच्या नुसत्या शितं चिवडत होत्या, तरी एकही उठेना. काय चिवट खाणाऱ्या आहेत, असं मला वाटलं.

शेवटी मैत्रीण कानाशी लागली. "अगं, थांब ना आता! पाहुणी उठल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही. माझ्या आत्याला श्वास घेता येत नाहीये."

"मग तुझी आई वाढतेय कशाला?"

"तू जागा रिकामी करतेस म्हणून! तिला वाटतं, पोरगी अजून उपाशी आहे. थोडं राहू दे, खलास, बस झालं."

"टाकता येत नाही. आई रागावेल," मी म्हणाले.

तिच्या आईने काय झालं ते विचारलं. मैत्रिणीने अरबीत सांगितलं. बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मग आतून मोठा डबा आणवला आणि माझा त्रिकोण, शिवाय शेजारचे दोन, त्यात भरले.

मैत्रिणीने अर्थ सांगितला. "टाकू नकोस, घेऊन जा, म्हणतेय."

मी उठले. आत्याबाई माझ्याआधीच दाराशी पोचल्या होत्या.

हॉस्टेलच्या फ्रिजमधला तो डबा दोन दिवस पुरला. घास उतरत होता. शेवटचं शीत वेचलं आणि धुण्याआधी डबा खिडकीकडे तिरका धरला. कारली नव्हती, म्हणून सोपं गेलं.