पळालेल्या बुटक्यांचा नियम

एका खेळात मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला खोटा नियम सांगितला आणि दोन वर्षं तो तसाच खेळतोय. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. ऐकणारा म्हणेल, खेळच तर आहे.

मित्र मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहतो. त्याची मुलगी शिकायला परदेशी गेली तेव्हा तिच्या कपाटात लढाईच्या एका खेळाचा खोका राहिला. त्यात बोटाएवढे कुऱ्हाडवाले बुटके, हाडांचे सांगाडे, मूठभर फासे आणि इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक. लहानपणी ती मागे लागायची, बाबा, खेळ ना माझ्याशी. तेव्हा याच्या शिफ्ट असायच्या. आता ती सुट्टीला येईल तेव्हा तिच्यासमोर बसता यावं, म्हणून याला शिकायचं होतं.

"तू वाच रे," तो म्हणाला. "तुझी हयात ऑफिसातल्या इंग्रजीत गेली. मी फासे टाकतो."

मग दर रविवारी दुपारी, जेवणं उरकली की, टेबलावर पालथ्या वाट्यांचे डोंगर व्हायचे. बुटके त्याचे, सांगाडे माझे. कोण किती चालला ते मोजायला वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप. पहिले तीन रविवार मी सेंटिमीटरच्या बाजूनं मोजत राहिलो. दोन्ही फौजा दुपारभर चालायच्या, पण गाठ काही पडायची नाही. वहिनी चहा घेऊन आल्या की विचारायच्या, "अजून पोचले नाहीत? दहिसरहून चालत निघालेत का?"

चौथ्या रविवारी पुस्तकात बघितलं तर माप इंचात होतं. तो डोळे पुसेपर्यंत हसला. "वाट लागली. तीन रविवार रे." तुझं चुकलं, असं म्हणाला नाही. पुस्तकच बारीक छापलंय म्हणाला.

खोटं त्यानंतरचं. त्या आठवड्यात माझ्या हाताखाली शिकलेला माणूस ऑफिसात माझा साहेब झाला होता. हे कारण म्हणून सांगत नाही, पण डोक्यात ते होतं. मित्र जिंकत आला होता. तेवढ्यात त्याच्या लाडक्या कुऱ्हाडवाल्या तुकडीला मार बसला आणि नियमाप्रमाणे ती पाठ फिरवून पळाली.

"परत येतत काय रे हे?" त्यानं विचारलं. मनापासून विचारतो तेव्हा तो मालवणीत विचारतो.

पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. पुढच्या खेपेला फासे टाका, दान चांगलं पडलं तर पळालेले वळतात, असं स्वच्छ लिहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "पळाले की संपलं. उचल."

त्यानं एकेक बुटका उचलून खोक्यात आडवा ठेवला. तो डाव मी जिंकलो.

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. तोवर त्यानं खेळच बदलला होता. ती तुकडी कायम मागे, वाटीच्या आडोशाला. "यांना जपायला हवं," म्हणायचा. मी मान हलवायचो.

गेल्या महिन्यात मुलगी आली. बापलेक समोरासमोर बसले, मी सोफ्यावर. थोड्या वेळात तिचे सांगाडे पळाले, तिनं फासे उचलले.

"टाकू नको. पळाले की संपलं."

"बाबा, परत येतात ते. पुस्तकात आहे."

"काकानं वाचलंय गं. त्याचं एकदा इंचांचं चुकलं, तेवढंच. बाकी चुकायचं नाही त्याचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचंच पुस्तक, तिला पाठ असणार. मी कपात बघत राहिलो.

"काका म्हणतो तसं असेल," ती म्हणाली. स्वतःच सांगाडे खोक्यात ठेवले आणि हरली. तो संध्याकाळभर खुशीत होता. मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "झकास शिकवलंस रे मला," म्हणाला.

ती परत गेली. पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. त्यातलं ते एक पान त्याला मराठीत, आहे तसं वाचून दाखवणं माझ्याकडून बाकी आहे. आणि त्यादिवशी गप्प का बसलो, ते तिला सांगणंही.