क्लिंगॉन भाषेत चार वाजले

खिडकीपाशी वाकायचं, उजवा हात कानामागे धरायचा आणि घशातून खाकरल्यासारखा आवाज काढत विचारायचं, "अर्लोघ खॉयलुपू?" माझ्या डोक्यावर भिंतीवरचं मोठं घड्याळ, मामांच्या मनगटावर त्यांचं स्वतःचं, तरी प्रश्न रोजचा. वाळूजच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला कारकून होते. पहिली पाळी सुटली की कामगार कार्ड पंच करून बसकडे पळायचे. हे एकटे खिडकीशी थांबायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना ठसका लागलाय. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो शांतपणे रिकामा केला आणि पुन्हा तेच विचारलं.

ती क्लिंगॉन भाषा होती. परदेशी टीव्हीवरच्या एका मालिकेत परग्रहावरचे लढवय्ये लोक असतात, त्यांच्यासाठी कुणीतरी बसून तयार केलेली. लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला ती कुठून भेटली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. मामा (आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो) सुट्टीच्या दिवशी वेरूळला जाऊन लेण्यांपाशी बसत. तिथं एका गोऱ्या पाहुण्याचं पोट बिघडलं. मामांनी लॉजवर त्याच्या उशाशी बसून त्याला भाताची पेज पाजली. बरा झाल्यावर तो मोडक्यातोडक्या हिंदीत मामांना या भाषेबद्दल सांगत सुटला, कारण तो तिच्या नादी लागलेला होता. मायदेशी गेल्यावर त्यानं स्वतःच्या आवाजातली एक कॅसेट पाठवली. कॅसेटमधे तो वेळ विचारायचा, उत्तरासाठी थोडा थांबायचा आणि मग पुढचं विचारायचा.

या भाषेत वेळ सांगायच्या दोन रीती. एक चोवीस तासांची, आमच्या कार्डावर छापून यायची तशी. दुसरी मात्र गमतीची. ते लोक 'किती वाजले' असं विचारत नाहीत, 'किती वेळा ऐकू आलं' असं विचारतात. चार वेळा ऐकू आलं म्हणजे चार वाजले. मामांचा जीव या दुसऱ्या रीतीवर. "वाजायला काय, कायबी वाजत ऱ्हातंय," ते म्हणायचे. "कुणी ऐकलं का, ते इचारायचं."

कँटीनमधे त्यांची भरपूर टिंगल व्हायची. तुमच्या भाषेत भज्यांना काय म्हणतात, असं एकानं विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "तिथं भजी नाय. लई वाईट मुलूख." त्या भाषेतला घशातला 'ख' परदेशी लोकांना म्हणे महिनोन् महिने जमत नाही. मामांना एका दिवसात जमला. औरंगाबादेत उर्दू कानावर घेत निम्मं आयुष्य गेलं, त्याचं एवढं तरी चीज व्हावं ना.

एकदा मी म्हटलं, मामा, एवढ्या कष्टात इंग्रजी शिकला असता तर सुपरवायझर झाला असता. ते हसले नाहीत. म्हणाले, "मराठीत बोलाय बसलं की तिसऱ्या वाक्याला गाव निघतंय आन् चौथ्याला आडनाव. ह्या भाषेत शिव्या लई हायेत म्हणं, ताई. पण माझ्यासाठी बनवलेली एकबी नाय."

मग मला हळूहळू कळत गेलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तिच्यात त्यांचं गावाकडचं घर गेलं. बायको माहेरी गेली, ती तिथंच वारली. मामा वाळूजला आले. कारखान्यात पूर्ण नाव कार्डावर होतं, पण राहायला खोली मिळवताना त्यांनी नुसतं पहिलं नाव सांगितलं. घरमालकानं पुढं विचारलं नाही आणि मामा शेजारपाजारी बोलेनासे झाले, कारण बोललं की आडनाव निघणारच. अखेर नामांतर झालं, त्या संध्याकाळी त्यांची सगळी माणसं विद्यापीठाच्या गेटवर होती. मामा पाळी संपवून खोलीवर आले, कडी लावली आणि दिवा न लावता बसून राहिले. पाच-सहा वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझं माहेर खुलताबादच्या बाजूचं, घर मेंढपाळाचं. मेंढरं वळवताना बाप घशातून काय काय आवाज काढायचा, त्यामुळे मला तो 'ख' जड नव्हता, आणि आकडे मामांच्याच तोंडून ऐकून पाठ झाले होते. थंडीच्या दिवसांत एकदा चारचा भोंगा झाला, मामांनी वाकून विचारलं आणि मी म्हटलं, "लॉसलॉघ खॉयलुपू." चार वेळा ऐकू आलं.

मामांचा कानामागचा हात तसाच राहिला. मागच्या रांगेतला माणूस ओरडला तरी ते हलेनात. मग म्हणाले, "बरुबर." थोड्या वेळानं पुन्हा, "एकदम बरुबर, ताई." त्या दिवशी त्यांची बस चुकली. कॅसेटमधला माणूस आपलं उत्तर ऐकतच नाही, बरोबर की चूक सांगत नाही, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं.

त्यानंतर महिनाभरात संक्रांत आली. नामांतराचा दिवस तोच. सकाळी मालकिणीनं मामांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली. संध्याकाळी मामांनी पणत्या आणल्या आणि खोलीच्या उंबऱ्यावर ओळीनं लावल्या. मालक बाहेर आला. दिवाळी तर कधीच झाली, हे कशाचे दिवे, असं त्यानं विचारलं. मामांनी सांगितलं. मग न विचारताच आपलं पूर्ण नावही सांगितलं. मालक काही वाईट बोलला नाही. बरं म्हणाला आणि आत गेला. दुसऱ्या सकाळी त्याला एकाएकी आठवण झाली की ही खोली भाच्याला द्यायची आहे.

हे सगळं मामांनी खिडकीशी उभं राहून सांगितलं. मी मालकाला बोल लावू लागले तर मला थांबवलं. "पणत्या शेवटपोत जळल्या," ते म्हणाले. "कुणी इझवल्या नाय."

गावात दुसरी खोली त्यांना मिळाली नाही. त्यांनी कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बदली मागून घेतली. गेले त्या दिवशी मी रजेवर होते. सुट्टी संपवून आले तर चार वाजता खिडकीशी कुणीच थांबलं नाही. मला फार चुकल्यासारखं झालं, अजूनही होतं.

पुढच्या रविवारी मी ती खोली बघायला गेले. का गेले ते विचारू नका. भाचा कुठं दिसत नव्हता, दाराला कुलूप होतं. मालकीण उंबऱ्याशी बसून राखेनं फरशी घासत होती. दगडात तेलाचे गोल डाग पडले होते. खोली पाहिजे का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

"कोन तुमी? आडनाव काय म्हनायचं?"

पहिलं नाव मी सांगितलं, पुढं काही बोलले नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबली. मग तिनं आणखी राख घेतली आणि घासू लागली. तेल आत मुरलं होतं, डाग निघत नव्हते.