साहेब जागेवर नाहीत

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, अंबरनाथचा आमचा रंगांचा कारखाना मालक, मॅनेजर किंवा युनियन यांपैकी कोणीही चालवत नव्हतं. तो रिसेप्शनच्या बाई चालवत होत्या. मी तिथे स्टोअरमध्ये कारकून होतो आणि हे विधान शपथेवर करायला तयार आहे. बाई बदलापूरहून यायच्या, पर्स खुंटीला अडकवायच्या, डेटॉलच्या बोळ्याने रिसीव्हर पुसायच्या आणि मग आवाज बदलायच्या. चहावाल्याशी भांडायचा आवाज वेगळा, फोनचा वेगळा. एकदा खुद्द त्यांच्या यजमानांनी फोन केला, तर मधाळ आवाजात विचारतात कशा, ‘‘आपलं नाव? काय काम होतं आपलं?’’ बिचारा नवरा कामच विसरला.

खोटं बोलायचं नाही, हा बाईंचा नेम. आता रिसेप्शनवर बसून हा नेम पाळायचा कसा? शेठनी आतून ‘‘बाई, सांगा मी नाही’’ म्हटलं, की बाई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायच्या, ‘‘मग खुर्चीतून उठा, साहेब.’’ शेठ देहाने भरभक्कम. ते कण्हत उभे राहिले, की मगच बाई फोनवर सांगायच्या, ‘‘साहेब जागेवर नाहीत.’’ शेठचा दिवसभराचा व्यायाम तेवढाच.

नव्वदच्या सुमाराला शेठनी टेलिफोनचा आपोआप चालणारा बोर्ड बसवला. फोन थेट ज्याच्या त्याच्या टेबलावर. बाईंना म्हणाले, ‘‘आठवडाभर पॅकिंगमध्ये लेबलं लावा. बोर्ड नीट चालला, तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.’’ बाई उठल्या. डेटॉलची बाटली घेऊन गेल्या. त्या आठवड्यात मी उगाचच रिसेप्शनवरून फेऱ्या मारायचो. खुर्चीवर कोणीतरी पार्सलं ठेवली होती.

बोर्ड मात्र झकास चालला, शनिवारपर्यंत. शनिवारी शेठची म्हातारी अम्मा लेकीकडून सिंधी कॅम्प पाचमधल्या आपल्या घरी परतली. इतकी वर्षं ती रोज अकराला कारखान्यात फोन करायची, आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी बाईंना सांगायची आणि समाधानाने ठेवून द्यायची. मुलाशी बोलायची वेळच कधी आली नव्हती. त्या दिवशी पुरुषी ‘हॅलो’ ऐकून तिने फोन आपटला. तीनदा लावला, तीनदा आपटला. शेठ धापा टाकत पॅकिंगच्या दारात आले आणि सगळ्या बायकांसमोर बोलून गेले, ‘‘बाई, चला लवकर. माझी अम्मा मलाच राँग नंबर म्हणते.’’