कड्यावरचा माणूस

संग्रहालयातलं ते चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. उभे काळे कातळ, कोसळणारा धबधबा आणि अगदी कडेला तांदळाएवढा एक माणूस. उंची कळावी म्हणून चित्रकार असा माणूस काढतात, हे मी वाचलं होतं. पण गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ अशाच कड्यावरून पाय घसरून गेला. तेव्हापासून मी पाण्याकडे पाहतच नाही, त्या माणसाचे पाय पाहतो. इतकी वर्षं तो पडलेला नाही, एवढाच काय तो दिलासा.

आज आईला तिथून घाईने पुढे नेत होतो, तर ती थांबली.

"त्याच्या मागे कोणी आहे का रे? मला नीट दिसत नाही."

मागे नुसता कातळ होता.

"आहे," मी म्हणालो. "हात धरलाय त्याचा."

"सोडू नको म्हणावं," आई म्हणाली आणि तिने माझा दंड घट्ट धरला.