मशीन बंद होतं ते दिवस

भांडी घासायचं मशीन मला कधीच नको होतं. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर हौसेने आणलं, आणि मुलुंडच्या आमच्या टीचभर स्वयंपाकघरात ते असं बसलं की सिंकपाशी मलाच अंग चोरून उभं राहावं लागतं. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत. तरी घासणं सुटलं हे खरं, खोटं कशाला बोलू.

तर त्या मशीनने एका दुपारी मान टाकली. मध्येच थांबलं, टीं टीं करायला लागलं, आणि छोट्या पडद्यावर इंग्रजी ई आणि पुढे दोन आकडे. आत बुडाशी गढूळ पाणी तसंच साचलेलं.

आमची लेक तेव्हा आमच्याकडेच होती. लग्न होऊन बोरिवलीला गेलेली, एकुलती एक. ‘दोन दिवस येते गं’ म्हणून एका बॅगेनिशी आली ती राहिलीच. ऑफिसचं काम घरूनच असतं, लॅपटॉप काय इथेही चालतो, असं म्हणायची. जावयांचा फोन क्वचित यायचा. आला की ती गॅलरीत जाऊन ‘हं, हं’ करून परत यायची. पण मी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत. मी नवी नवरी असताना अशीच एकदा रुसून माहेरी गेले होते, तर माझ्या आईने एक अक्षर विचारलं नव्हतं. सोलकढी-भात वाढला, डोक्याला तेल लावलं, आणि थोड्या दिवसांनी माझी मीच परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, पोरीला तिच्या वेळेने बोलू दे.

इकडे हे फोनवर व्हिडिओ लावून मशीनपुढे फतकल मारून बसले. “अगं, हा कोड म्हणजे मशीन स्वतःच सांगतं कुठे दुखतंय ते. ह्याचा अर्थ, पाणी बाहेर जात नाहीये.”

“वा! माणसांच्या कपाळावर पण लावा असे आकडे,” मी म्हटलं.

कंपनीचा माणूस बोलवा म्हटलं तर ह्यांचा पापड मोडला. आधी तळाची जाळी काढली. त्यात कढीपत्ता, मोहरी, खोबऱ्याचा कीस, सगळा आमचा संसार निघाला. जाळी धुऊन लावली, आकडे तेच. मग मागचा पाइप काढला, त्यात फुंकर मारली, लादीवर काळं पाणी सांडलं. ते पुसायला मी. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच टीं टीं. माणूस मात्र खूश!

मग भांडी आम्ही मायलेकी घासायला लागलो. ती घासायची, मी विसळायची. पहिल्या दिवशी नुसता भांड्यांचाच आवाज. दुसऱ्या दुपारी ती ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवायला लागली आणि मी हसून हसून बेजार. किती दिवसांनी हसली होती कार्टी! एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नसलं की बोलणं सोपं जात असावं. त्यानंतर एका दुपारी आमटीची कढई घासता घासता तिचा हात थांबला. “आई, तिकडे ना...” म्हणाली. मला नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला.

आणि मागून हे ओरडले, “सापडलं! सापडलं!”

पंपाचं झाकण उघडून ह्यांनी चिमट्याने शेवग्याच्या शेंगेचं साल बाहेर काढलं होतं. चोखून टाकलेलं, आतल्या इवल्याशा पंख्याला गुंडाळून बसलेलं. “ये, ये, बघ!” लेकीने हात पुसले, वाकून बघितलं, “बाबा, झकास!” म्हणाली, फोटोसुद्धा काढला. मशीन घुर्र करून सुरू झालं. हातात कालथा होता माझ्या, नुसता राग राग आला. देवा रे, हीच वेळ सापडली ह्या माणसाला? लेक लॅपटॉप घेऊन खोलीत गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याला वेडेपणाच म्हणतात. जेवणं झाल्यावर सिंकखाली वाकून मशीनच्या पाण्याचा कॉक बंद करून टाकला. भांडी लावली, बटण दाबलं. थोड्या वेळाने टीं टीं, आणि नळाच्या चित्राचा लाल दिवा.

“परत?” हे चष्मा शोधत आलेच.

“थांबा बाबा, मी बघते,” म्हणत लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने सिंकखाली हात घातला. मी गॅसचा ओटा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. तिचा हात कॉकवर थांबला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हात तसाच बाहेर काढला.

“ह्याचं उद्या बघू, बाबा. तुम्ही पडा जरा.”

हे कुरकुरत गेले. तिने मशीनमधली भांडी सिंकमध्ये काढली, घासणी घेतली. एकेक ताट घासून ती माझ्याकडे सरकवत राहिली.

“विचार ना,” शेवटी म्हणाली.

“काय?”

“ज्याच्यासाठी हे केलंस ते.”

मी नळ बंद केला. “काय झालंय गं तिकडे?”

“बोलत नाही कोणी माझ्याशी. नोकरीवरून सासूबाईंचं आणि माझं वाजलं ना, तेव्हापासून. ताट वाढलेलं असतं, सगळं असतं. फक्त बोलत नाहीत. तोही नाही.”

“अगं बाई! मग आल्या आल्या नाही का सांगायचं?”

“मी वाट बघत होते, तू विचारशील म्हणून. रोज. मला वाटलं, तुला ऐकायचंच नाहीये. काल रात्री मीच त्याला फोन केला, रविवारी न्यायला ये म्हटलं.”

“नाही जायचं! सांग त्याला, नाही येत म्हणून. मी सांगते हवं तर.”

तिने घासलेली कढई माझ्या हातात दिली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं मला. “आई, तिथे बोलत नाहीत आणि इथे विचारत नाहीत. मग निदान तिथे राहते. तिथे मी पाहुणी तरी नाही.”

रविवारी जावई आले, जेवले, आमटीचं कौतुक केलं. ह्यांनी त्यांना मशीन उघडून पंप कुठे असतो ते दाखवलं. संध्याकाळी दोघं गेली.

आता मी रोज फोन करते. कशी आहेस, काय चाललंय, घरात बोलतात का गं तुझ्याशी, सगळं सगळं विचारते.

ती म्हणते, “मजेत आहे.”