इमॅक्युलेट चिखल

पेणहून रोह्याला मी रोज संध्याकाळी जायचो, एका कोरियन इंजिनियरला इंग्रजी शिकवायला. वडखळ ते गडब एवढ्या टप्प्यात बाइक खड्ड्यांत इतकी आदळायची, की पोचेपर्यंत माझी उंची बोटभर कमी झालेली असायची. घरच्यांना हे पटत नाही. त्यांनी मोजून बघावं.

त्याची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. पास झाला तर मायदेशी बदली, नापास झाला तर आणखी दोन वर्षं इथंच. घरी चार वर्षांची मुलगी. बाप म्हणजे फोनमध्ये राहणारा माणूस, अशी तिची समजूत.

दोन वर्षांपूर्वी तो एकदा नापास झाला होता, तो ‘इमॅक्युलेट’ या शब्दापायी. त्याच्या कोरियन पुस्तकात अर्थ होता ‘फार स्वच्छ’. झालं! डाळ इमॅक्युलेट, रिक्षा इमॅक्युलेट, रोह्याचा एसटी स्टँडसुद्धा इमॅक्युलेट. महिनाभर मी समजावलं, डाग नाही, कण नाही, बोट ठेवायला जागा नाही. तो मान हलवायचा, मग मीही हलवायचो. आम्ही दोघं पेंगत असायचो, एवढंच.

शेवटी एका रविवारी त्याला पेणच्या खाडीवर, आत्याच्या मिठागरात नेलं. ती मिठाच्या वाफ्यातला चिखल पायांनी चोपत होती. हा बुटांसकट आत निघाला.

“ए सायबा! बूट काढ!” आत्या ओरडली. मग माझ्याकडे वळली. “मास्तर झालास नि पाव्हण्याला एवढं सांगता येत नाय? जरा घाण राहिली तर मीठ काळं येतं माझं!”

त्याने बूट काढले, पाय धुतले. आत्याने टाचा बघून परत पाठवलं. पुन्हा धुतले, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “हां. आता ये.”

तो वाफ्यात जपून उभा राहिला. “टीचर, हा चिखल... इमॅक्युलेट?”

“हो बाबा, हो,” मी बांधावर आडवा होत म्हणालो.

परीक्षा कंपनीच्या ऑफिसात, लॅपटॉपवर. मी दाराला कान लावून उभा. स्वच्छ जागेचं वर्णन करा, परीक्षक म्हणाला. याने चिखल सांगितला.

“चिखल?” त्याचा आवाज चढला.

“हो. इमॅक्युलेट. आत जायला मला तीनदा पाय धुवावे लागले.”

मग तिकडून हसू.

तो बाहेर आला. “पास,” म्हणाला आणि पायरीवर बसून मुलीला फोन लावू लागला. रिंग जाईपर्यंत बसल्या जागी झोपला. त्याला उठवावं म्हणून मी शेजारी बसलो, आणि माझाही डोळा लागला.