आब्रामसाठी न उचललेलं गाणं

मेक्सिकोतल्या आमच्या जर्मन बोलणाऱ्या ब्लूमेनटाल गावात हर्मान तीन. एक चीजवाला हर्मान, एक लंगडा हर्मान आणि एक गाणारा हर्मान. या गाणाऱ्याचं तायख्रोब हे आडनाव त्याच्या बायकोला आणि क्वाउतेमोक शहरातल्या बँकेला ठाऊक असेल, बाकी गावाला तो गाणारा हर्मानच.

गाणारा म्हणजे लग्नात ताना मारणारा नव्हे. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, गिटार नाही, आणि गाण्याच्या पुस्तकात नुसते शब्द. चाल पुस्तकात नसते, ती माणसांच्या डोक्यात असते. पुढच्या बाकावर पाचसहा गाणारे बसतात आणि त्यांतला एक गाणं उचलतो. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्याने एकट्याने गायचं, लांबच लांब ओढून, मग सगळी मंडळी त्यात शिरते. ओळ संपली की सगळे गप्प. पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर पुन्हा त्याचंच. त्याने तोंड उघडलं नाही तर भरलं चर्च श्वास रोखून बसेल, पण स्वतःहून गाणार नाही. आणि चाली अशा संथ, की एक कडवं संपेपर्यंत आयांच्या मांडीवरची पोरं झोपून परत उठायची.

हर्मान या चाली गोठ्यात शिकला, धार काढताना, बापाच्या मागून. बाप चुकीला माफी देत नसे. वळण हुकलं की ओल्या फडक्याचा फटका पाठीवर. लग्न झाल्यावर युस्टीना त्याच गायीच्या पलीकडे बसू लागली आणि ऐकून ऐकून तिलाही सगळं येऊ लागलं. खरं सांगायचं तर तिला जास्त येत होतं. हर्मान कुठे अडला की ती गायीच्या पोटाखालून म्हणायची, "वर जा रे बाबा, खाली कुठे चाललास? तिकडे विहीर आहे." दोघं हसायची. पण बाईने चर्चमध्ये गाणं उचलायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. त्यावर कधी चर्चा झाली नाही. उन्हाळ्यात घाम येतो यावर कोण चर्चा करतं?

पंचविशीतच बंधूंनी, म्हणजे मंडळीतल्या पुरुषांनी, त्याला गाण्याच्या बाकावर निवडलं. त्या दिवशी तो घरी आला तो पाय जमिनीला न लावता. माणूस तसा साधा, बोलायला भित्रा, बाजारात गेला तर मेक्सिकन व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन येणारा. पण बाकावर बसला की त्याची मान सरळ व्हायची. जगात दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. जमीन बेताची, गायी बेताच्या, रूप तर विचारूच नका. होतं ते एक पहिलं अक्षर. ते त्याने तोंडातून सोडलं की अख्खं गाव त्याच्या मागे यायचं.

मुलगा एकच, आब्राम. आवाज बापापेक्षा खोल आणि जीभ आईपेक्षा तिखट. हर्मानच्या मनात ठरलेलं होतं, की आपण थकलो की आब्राम बाकावर बसेल. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रविवारी दुपारी पाव-कॉफीला पाहुणे आले की तो उगाचच म्हणायचा, "आब्राम, ते लांब चालीचं जरा म्हणून दाखव." पोरगा सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणायचा, "बाबा, खाऊ तर द्या." आणि मग गायचा, आणि पाहुण्यांचे पेले हातातच राहायचे.

आब्रामचं भांडण गाण्याशी नव्हतंच. भांडण चाकाशी होतं.

आमच्या मंडळीत तेव्हा ट्रॅक्टरला लोखंडी चाकं. रबरी टायर लावायचे नाहीत, कारण रबर आलं की ट्रॅक्टर रस्त्यावर पळतो, रस्ता शहरात नेतो आणि शहर कुठे नेतं ते सांगायला नको. आब्रामने बाप्तिस्म्यानंतर डांबरी रस्त्यापलीकडे जमीन खंडाने घेतली. लोखंडी चाकाने डांबर फुटतं म्हणून सरकारची मनाई. मग लोक काय करायचे? जुने टायर रस्त्यावर आडवे अंथरायचे, त्यांवरून ट्रॅक्टर पलीकडे न्यायचा आणि टायर पुन्हा उचलून ठेवायचे.

"म्हणजे बघा," आब्राम चीजच्या कारखान्यासमोर चारचौघांत म्हणाला, "टायर चाकाखाली आडवा टाकला तर मी देवाचा, आणि चाकाला उभा लावला तर सैतानाचा. देवाला आडवं-उभं एवढं कळतं होय?"

लोक हसले आणि तेच लोक संध्याकाळी बिशप क्नेल्सनच्या कानाला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ! त्या वसंतात आब्रामने खरंच टायर लावले. पाद्री समजवायला आले, पुन्हा आले, पुन्हा आले. आब्राम म्हणाला, "पीक काढू द्या, मग बोलू." पीक निघायच्या आतच बंधूंची सभा भरली. त्याला मंडळीबाहेर टाकायचं ज्यांना मान्य आहे त्यांनी उठून उभं राहायचं, अशी आमची रीत. सगळे उभे राहिले. हर्मानही राहिला. त्याला उठायला जरा वेळ लागला, एवढंच.

बाहेर टाकलेल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. युस्टीनाने एक छोटं टेबल मोठ्या टेबलाला बोटभर अंतरावर लावलं आणि दोन्हींवर मिळून एकच चादर घातली. हर्मानने चादर पाहिली आणि मुकाट्याने सूप ओरपलं. आब्रामशी जिचं लग्न ठरलं होतं, तिने आठवड्याच्या आत मोडलं. आणि बाहेरच्या माणसाबरोबर गायचंही नाही, म्हणून आब्राम गोठ्यात आला की हर्मान ओळ तिथेच तोडायचा. आब्राम बादली उचलायचा आणि दुसऱ्या टोकाच्या गायीकडे जायचा.

"निदान ओळ तरी पुरी करत जा," एकदा युस्टीना म्हणाली. "पोरगं काय महारोगी आहे?"

"नियम मी केला का?" हर्मान म्हणाला.

"नियमाला उभा कोण राहिला?"

तो धार काढत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात ओढ्याची दरड खचली आणि आब्रामचा ट्रॅक्टर त्याच्यासकट उलटला. दरडीला रबर काय नि लोखंड काय, पण गावाला तेवढं पुरे झालं. "चाकानेच नेला," असं शेजारची म्हातारी पाव भाजता भाजता म्हणाली, आणि ते पाव आब्रामच्याच मयताचे होते.

युस्टीना रडली नाही. तिने पोराला धुतलं, पांढरा सदरा घातला, केस विंचरले. मग हर्मानला म्हणाली, "पाद्री येणार नाहीत, ठाऊक आहे मला. प्रवचन नको, बिशप नको. एक गाणं उचल. एकच कडवं. मुक्याने नको नेऊस त्याला."

"बघू," हर्मान म्हणाला.

तिने ते 'हो' असं धरलं. बायको पंचवीस वर्षं गायीच्या पलीकडे बसली तरी 'बघू' आणि 'हो' यांतला फरक तिला कळू नये? कळत असेल. त्या दिवशी कळून घ्यायचा नसेल.

हर्मान बिशपकडे गेला. बिशप क्नेल्सन काही राक्षस नव्हता. त्याने हर्मानला बसवलं, कॉफी दिली, स्वतःही डोळे पुसले.

"गाणं मंडळीचं असतं, हर्मान," तो म्हणाला. "तू उचललंस की मंडळी म्हणेल, आणि मंडळीने म्हटलं की त्याला आत घेतल्यासारखं झालं. मी नाही म्हणत नाहीये. माझ्या हातात काय आहे?"

"मग मी एकटा म्हणू का? घरच्या घरी?"

"तू एकटा कधी म्हणतोस का? तू पहिलं अक्षर काढलंस की लोकांचं तोंड आपोआप उघडतं. त्यांनाही गुंतवशील." बिशपने कप खाली ठेवला. "बाक सोडावा लागेल मग. वाईट वाटेल मला. तुझ्यासारखा दुसरा नाही आपल्याकडे."

हे शेवटचं वाक्य हर्मान रस्ताभर घोळवत आला. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण पोरगं फळीवर पडलेलं असताना त्या वाक्याने त्याला बरं वाटलं. घरी येऊन तो युस्टीनाला काहीच बोलला नाही. तिनेही विचारलं नाही.

मयत घराच्या अंगणात झालं, यंत्रांच्या छपराखाली. लोक आले. आमचे लोक मयताला येतातच. बाहेर टाकतील, पण मयताला येतील. पुरुष एका बाजूला टोप्या हातात धरून, बायका दुसऱ्या बाजूला काळ्या रुमालांत. बिशप आला नव्हता, पण त्याचा धाकटा पाद्री फाटकाजवळ उभा होता, आत नाही आणि बाहेर नाही. शवपेटीवर झाकण ठेवायची वेळ झाली. सगळे हर्मानकडे बघू लागले. बघणारच! जन्मभर बघत आले होते.

हर्मान आपल्या टोपीकडे बघत होता.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. पहिलं अक्षर, लांब, सरळ, नीट वर चढलेलं. क्षणभर कुणाला कळेना कुठून आलं, कारण ते बायकांच्या बाजूने आलं होतं. युस्टीनाने गाणं उचललं होतं.

कुणी दचकलं, कुणी मान खाली घातली. पण सवय काय सोडते माणसाला! अक्षर ऐकलं आणि पुढचे शब्द तोंडातून निघाले. आधी त्याच शेजारच्या म्हातारीच्या, मग बायकांच्या, मग मागच्या काही पुरुषांच्या. ओळ पुरी झाली. सगळे थांबले. युस्टीनाने दुसरी ओळ उचलली, आणि या वेळी जास्त लोक आले. फाटकाजवळचा पाद्री जमिनीकडे बघत राहिला.

तिसऱ्या ओळीला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर पेटीत गेली. आवाज फुटला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला. नुसता वारा आला.

लोक थांबून राहिले. रीतच ती. ओळ कुणीतरी उचलायची आणि मग आपण म्हणायची. सगळं अंगण श्वास धरून उभं, आणि युस्टीना हर्मानकडे बघत होती. ती रागाने बघत नव्हती. गोठ्यात तो अडला की ती सांगायची, आज ती अडली होती, एवढंच. एका अक्षराचं काम होतं. ते त्याच्या गळ्यात तयार होतं, सूर लागलेला होता, नुसते ओठ उघडायचे होते.

हर्मानने टोपी डोक्यावर घातली.

आमच्यात पुरुषाने टोपी घातली की विधी संपला. बाकीच्या पुरुषांनी टोप्या घातल्या. झाकण लागलं, पेटी उचलली, लोक चालू लागले. कुणीतरी युस्टीनाच्या दंडाला धरून तिला पुढे नेलं.

हर्मानचा बाक राहिला. युस्टीना दर रविवारी चर्चमध्ये यायची, बायकांच्या बाजूला आपल्या जागेवर बसायची, पुस्तक उघडायची आणि ओठ मिटून बसायची. गोठ्यात एकदा हर्मानने भीत भीत एक चाल धरली. ती म्हणाली, "गायी बिचकतात." गायी काही बिचकत नव्हत्या. त्याने पुन्हा धरली नाही.

आणि मग काही वर्षांनी रबर आलं. आधी बिशपच्या जावयाने लावलं, मग चीजच्या कारखान्याच्या गाडीला लागलं, मग बंधूंनी सभा भरवून ठरवलं की काळ बदलला आहे. एका रविवारी बिशपने चर्चमध्ये जाहीर केलं. टायरपायी बाहेर टाकलेल्यांना परत घेतलं आहे, त्यांनी उठून उभं राहावं. चारपाच जण उभे राहिले. त्यांची नावं वाचली गेली. बिशप म्हणाला, "आता गाऊ या," आणि गाण्याच्या बाकाकडे वळला.

हर्मान उठला. जन्मात पहिल्यांदा तो त्या जागेवरून गाण्याशिवाय काही बोलला.

"आणि माझा आब्राम?"

बायकांच्या बाजूला युस्टीनाने मान वर केली. कित्येक वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

बिशप मवाळपणे म्हणाला, "मेलेल्यांचं देव बघेल, हर्मान. तू गाणं उचल."

सगळी मंडळी श्वास घेऊन बसली. हर्मान उभाच होता. आणि त्याने गाणं उचललं. सुंदर उचललं, असं लोक अजून सांगतात. पहिल्या ओळीच्या मध्यावर युस्टीना उठली आणि चालत बाहेर गेली. त्याने शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं नेलं.

तो घरी आला तेव्हा ती चर्चचेच कपडे घालून गोठ्यात धार काढत होती. तो दारात उभा राहिला.

"विचारलं मी," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर विचारलं. ऐकलंस ना?"

"ऐकलं," युस्टीना म्हणाली. तिने हात थांबवले नाहीत. "विचारलंस. आणि मग गायलास."